अक्काला दणका बसू नये म्हणून

आमची गाडी आता एवढी म्हातारी झाली आहे की पेट्रोल पंपावर हवा भरणारा आधी टायरकडे बघतो, मग माझ्याकडे. रंग एकेकाळी राखाडी होता. मागची डावी काच अर्ध्यावर येऊन अडकते आणि एसी फक्त हिवाळ्यात गार हवा देतो. शाळेतले सहकारी स्टाफरूममध्ये विचारतात, "सर, ही कधी काढणार?" मी सांगतो, "तुमच्या निरोप समारंभाच्या दुसऱ्या दिवशी." गाडीवरून बोललेलं मला खपत नाही, हे आता सगळ्यांना माहीत झालं आहे.

पण या गाडीत एकदा बसून बघा. खड्ड्यातून जाते तेव्हा पोटातलं पाणी हलत नाही. जुन्या गाडीला लोक म्युझिक सिस्टीम लावतात, चकाकणारी चाकं लावतात. मी जे काही बसवलं ते बाहेरून दिसतच नाही, कारण ते बहुतेक खाली, चाकांच्या आत आहे. ते मी अक्कासाठी बसवलं होतं. अक्का आता नाही आणि गाडी आहे, आणि रोज सकाळी शाळेत जाताना मला या गोष्टीचा राग येतो.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी चौथीत होतो आणि अक्काचं लग्न ठरलेलं होतं. मुली सासरी जाताना भांडीकुंडी घेऊन जातात, अक्का मला घेऊन गेली. निलंग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीजवळ तिचं सासर. तिथं मराठी बोलता बोलता माणसं मध्येच कानडीत शिरतात, म्हणून ती मला तम्मा म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. तिला मूलबाळ झालं नाही. भाऊजीही लवकर गेले. तिनं किराणा दुकान चालवलं, शेत बटईनं लावलं आणि मला बी.एड. होईपर्यंत शिकवलं. माझी नांदेडची नोकरी, माझं लग्न, ही सेकंडहँड गाडी घेतली तेव्हाचा नारळ, सगळीकडं तिचा हात होता. मी पन्नाशी ओलांडली तरी चार लोकांत म्हणायची, "तम्मा, वरची गुंडी लाव."

तिचा कॅन्सर आधी एका जागी होता. ऑपरेशन झालं, बरं वाटलं, आणि मग तो मणक्यात उतरला. तिला वाटलं, दुकानात पोतं उचलताना लचक भरली. मग एक दिवस ती खाली बसली ती उठेना, आणि उठवल्यावर परत बसेना. डॉक्टरांनी सांगितलं, हाडं ठिसूळ झालीत, बसवायचं नाही, आडवंच ठेवायचं. मी तिला नांदेडला आमच्या घरी आणलं. डॉक्टर मात्र लातूरचाच राहिला. नांदेडात डॉक्टर नाहीत असं नाही, पण अक्काचा त्या लातूरच्या डॉक्टरवर जीव. "त्यो मला मावशी म्हणतो," एवढंच कारण. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शनसाठी लातूरला जायचं होतं. ॲम्ब्युलन्सला तिनं हात जोडले. "त्या गाडीतून उतरलेलं माणूस मी बघितलं न्हाई. मला आपल्या गाडीतच ने." म्हणजे आमची ही छोटी गाडी आणि लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर.

पहिल्या खेपेला तिला मागच्या सीटवर पाय दुमडून झोपवलं. माझी बायको पायाशी अंग चोरून बसली. गाव सोडलं आणि पहिला खड्डा आला. अक्का ओरडली, "अव्वाऽ!" आमच्यात आईला अव्वा म्हणतात. अव्वाला जाऊन किती वर्षं झाली होती, पण दुखलं की तिलाच हाक. रस्त्याचं काम चालू होतं. तयार झालेला सिमेंटचा भाग बरा, तरी त्याच्या प्रत्येक सांध्यावर टक्क व्हायचं, पुलाच्या जोडावर दणका बसायचा, आणि डायव्हर्जन आलं की खडीच खडी. लातूर येईपर्यंत अक्का अव्वाला हाका मारत होती. मी ठेकेदाराला, सरकारला, पुढच्या ट्रकला आणि मध्ये आलेल्या एका शेळीला शिव्या देत होतो.

बायको मागून म्हणाली, "अहो, तुम्ही शिव्या दिल्यानं रस्ता सपाट होऊन राहिला का?"

रस्ता काही माझ्या बापाचा नव्हता. गाडी माझी होती. मी गाडीला हात घातला.

आधी सीट. जुन्या मोंढ्याजवळच्या सीट कव्हरवाल्याकडून पुढच्या डाव्या सीटची पाठ पूर्ण मागं पडेल अशी करून घेतली. ती मागच्या सीटला जाऊन टेकली की एक लांबलचक पलंग तयार व्हायचा. मधली फट भरायला वेगळी गादी शिवली. खाली कडक फोम, वर मऊ फोम. मी स्वतः त्यावर पाय लांब करून झोपून बघितलं. दुकानाबाहेर चहा पिणारे लोक काचेतून बघत होते. मी म्हटलं, "काय बघता, माप देऊन राहिलो." त्यांनी चहा संपवून काढता पाय घेतला.

मग देगलूर नाक्यावरचा मिस्त्री. हा माणूस बोलायला लागला की इंजिन बंद करायचं विसरतो. गाडी जॅकवर चढवली आणि खालून म्हणाला, "साब, इसके शॉकअप तो कबके इंतकाल कर गये. नक्को फिकर करो, मक्खन करके देतूँ." पुढचे दोन शॉकअप बदलले. पुढच्या खेपेला मागचे दोन. मग लोअर आर्मचे रबरी बुश, मग इंजिनचं माउंटिंग. हवेचा दाब थोडा कमी ठेवायचा हे मी स्वतः शोधून काढलं. मी शाळेत विज्ञान शिकवतो. आठवीच्या वर्गाला सांगतो तसं अक्काच्या खाटेजवळ बसून पाटीवर चित्र काढून तिला सांगितलं, की खड्डा आला की स्प्रिंग दबते, पण नुसती स्प्रिंग असली तर गाडी नाचत राहील, म्हणून शॉकअप तो दणका आतल्या आत जिरवून टाकतो.

अक्का पडल्या पडल्या ऐकत होती. म्हणाली, "म्हंजे आपल्या घरात तू स्प्रिंग अन् तुझी बायकू शॉकअप."

बायको स्वयंपाकघरातून मोठ्यानं हसली. मीही हसलो, पण मला ते लागलं होतं.

नवे शॉकअप टाकून पहिल्यांदा लातूरला गेलो तेव्हा अक्का चाकूरपर्यंत एकदाही ओरडली नाही. मी पुढून विचारलं, "कसं वाटून राहिलं?" ती म्हणाली, "लोण्यावानी चालली बघ. कळतच न्हाई खड्डा हाय का काय." मला काय आनंद झाला म्हणून सांगू! त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरचा चेहरा काही फारसा चांगला नव्हता, रिपोर्ट बघताना त्यानं चष्मा दोनदा पुसला. पण मी पार्किंगमध्ये एका अनोळखी माणसाला धरून माझ्या गाडीचं सस्पेन्शन समजावून सांगत होतो. अक्काचा आजार माझ्या हातात नव्हता. तिला दणका बसू न देणं मात्र मला जमलं होतं आणि मी त्यालाच चिकटून बसलो.

दर खेपेच्या आधी काहीतरी नवीन बसवायचं हा नेमच पडला. दारांच्या आत आवाज दाबणारे पत्रे लावले. टायर बदलले, जरा जाड, मऊ रबराचे. निघताना अक्का विचारायची, "या बारीला काय टाकलं रे तम्मा?" मी सांगायचो. लातूर आलं की ती निकाल द्यायची. टायरला ती म्हणाली, "आता तर झोप लागली मला." मी नातेवाइकांना फोन करून सांगायचो, अक्काला आता प्रवासाचा काही त्रास होत नाही. खरंच सांगायचो.

दिवाळीच्या जरा आधी लातूरला एका दुकानात स्प्रिंगमध्ये बसवायचे रबरी ठोकळे दिसले. दुकानदार म्हणाला, यानं गाडी उचलली जाते, एकदम भारी चालते. तिथल्या तिथं फिटरकडून चारही चाकांना बसवून घेतले आणि परत येताना अक्काला विचारलं. ती म्हणाली, "सगळ्यांत भारी हेच हाय. हे आधीच टाकायचं होतंस." मी नांदेडला आल्यावर दुसऱ्याच दिवशी छाती फुगवून मिस्त्रीला दाखवायला गेलो. त्यानं वाकून बघितलं आणि पार जमिनीवर बसून हसला.

"अरे साब, ये क्या लगाको आये? इसमें तो गाडी पत्थर हो जाती. ये तो माल ढोने वालों के लिए. पेशंट कू इसमें बिठाये?"

मी म्हटलं, "पेशंटला आवडलंय."

"तो पेशंट तुम्हारा दिल रख रहा होगा," तो म्हणाला आणि पाना आणायला उठला. त्याच्या दृष्टीनं ती गंमत होती. मी मात्र रागावलो. आदल्याच महिन्यात यानं मला नको ते माउंटिंग बदलायला लावलं होतं, याला काय कळतं, असं मनात म्हणत घरी आलो. ठोकळे काढून पिशवीत घेतले होते.

घरी बायको मशीनवर बसली होती. अक्काचं हिरवं लुगडं होतं, त्याचा पदर ती आत दुमडून शिवत होती. मी पिशवी आपटून मिस्त्रीच्या नावानं सुरू केलं. ती खाली मान घालून शिवत राहिली. मी विचारलं, "पदर का शिवून राहिलीस?"

"फाटलाय."

"दिवसभर आडवी असती ती. पदर कुठं फाटंल?"

तिनं मशीन थांबवलं. पलीकडच्या खोलीत अक्का झोपली होती, तिकडं एकदा बघितलं आणि ते लुगडं माझ्या हातात दिलं. पदराच्या कोपऱ्याला दातांच्या खुणा होत्या. काही ठिकाणी चावून चावून कापडाची जाळी झाली होती. बायकोनं कपाटातून आणखी दोन लुगडी काढली. त्यांचे पदर तिनं आधीच दुमडून शिवले होते, टीप चांगली आतपर्यंत घेतली होती.

"लोहा यायच्या आधीच तोंडात घेतात," ती हळू आवाजात म्हणाली. "मी मागं त्यांच्या उशाशीच बसते ना. दणका आला की चावतात. मला शपथ घातली त्यांनी. म्हणल्या, त्यो लई खूश होऊन राहिला, त्याला सांगू नको."

मी आधी तिच्यावरच ओरडलो. नवऱ्यापासून असलं लपवतात का, वगैरे. ती ऐकून घेत होती. मग माझा आवाज फुटला आणि मी तिथं फरशीवर मशीनला टेकून बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. लुगडं तोंडावर धरून रडलो, आवाज पलीकडं जाऊ नये म्हणून. माझ्या बहिणीच्या मणक्याला एवढे दणके बसत होते आणि मी पुढं बसून तिला मार्क विचारत होतो.

तिला काही बोलायचं नाही असं मी ठरवलं. बोलून काय करणार होतो? लातूरला तर जायचंच होतं. फक्त पुढच्या खेपेला निघायच्या आधी आतला आरसा जरा खाली वळवला. इतके दिवस त्यात मागचा रस्ता दिसायचा, आता अक्काचं तोंड दिसत होतं. गाव संपलं तसा तिनं पदराचा कोपरा हळूच तोंडात घेतला. तिनं वर आरशाकडं बघितलं नाही. ती माझ्या मानेकडं, मागून दिसणाऱ्या माझ्या कानाकडं बघत होती. खड्डा आला. तिचे डोळे घट्ट मिटले, गाल आत गेले, आवाज आला नाही. मी गाडी एवढी हळू केली की मागून येणारे एसटीवाले हॉर्न मारून मारून दमले.

लातूर आलं. मला काही विचारायचं नव्हतं, पण तीच म्हणाली, "तम्मा, इचारलं न्हाईस. या बारीला काय टाकलंय?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिला ते हवं होतं. तीन आठवडे ती एका खोलीत छताकडं बघत पडलेली असायची. तिचा तम्मा आपल्यासाठी काहीतरी करतोय, त्याला ते जमतंय, एवढंच तिला बघायचं होतं. मी म्हटलं, "स्टॅबिलायझर टाकलाय." टाकला नव्हता. ती म्हणाली, "तरीच. वळणावर अंग हलतच न्हाई."

त्यानंतर मी नसलेले पार्ट सांगू लागलो. गाडीत बदलण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं. एकदा रिव्हर्स बुश सांगितला. असा पार्ट जगात नाही. अक्कानं त्याची एवढी तारीफ केली की डॉक्टरला सुद्धा सांगितलं, आमच्या तम्मानं गाडीला रिव्हर्स बुश टाकला. डॉक्टर माझ्याकडं बघून मान हलवायचा. बायको मागं बसून खिडकीबाहेर बघत राहायची. आम्ही तिघं एका छोट्या गाडीत एकमेकांशी खोटं बोलत नांदेड-लातूर करत होतो आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपण दुसऱ्याला सांभाळतोय.

संक्रांत झाल्यावर डॉक्टरनं मला बाहेर बोलावलं. आता इंजेक्शनचा उपयोग नाही, म्हणाला. मावशींना जिथं बरं वाटेल तिथं न्या. मी आत गेलो तर अक्कानं काही विचारलं नाही. म्हणाली, "माझ्या गावाला ने." लातूरहूनच गाडी औशाच्या रस्त्याला लावली. नांदेडला घरी परत जाऊन कपडे घ्यावेत एवढंही सुचलं नाही.

औसा मागं पडलं. निलंग्याचा रस्ता तसा चांगला होता, पण एका ठिकाणी पुलाचं काम होतं आणि गाडी खाली खडीत उतरवावी लागली. मी अगदी पहिल्या गिअरमध्ये होतो. तरी मागचं चाक एका दगडावरून खाली आलं. आणि अक्का ओरडली, "अव्वाऽ! तम्मा, थांब रे, थांब!"

मी गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. उतरून तिच्या बाजूचं दार उघडलं. तिचा पदर तोंडातून निघून गळ्यावर पडला होता आणि ती मोकळ्यानं रडत होती.

"लई दुखतंय रे," ती म्हणाली. "आता न्हाई होत. लई दुखतंय."

मी खाली खडीवर गुडघे टेकून तिचा हात धरला. "मला माहीत हाय, अक्का."

"काय माहीत हाय?"

"पदर."

ती रडायची थांबली. बायकोकडं बघितलं. बायकोनं दोन्ही हात तोंडावर घेतले. अक्कानं परत माझ्याकडं बघितलं. "कवापासून?"

"दिवाळीपासून."

"अन् मग त्यो रिव्हर्स बुश?"

"तसला पार्टच नसतो, अक्का."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिला हसू आलं. हसली तसं पाठीत दुखलं, दुखलं तशी ओरडली, ओरडता ओरडता परत हसली. "डॉक्टरला सांगितलं की रे मी! येडं समजला असंल मला." मी पण हसत होतो आणि रडत होतो. खडीचा एक टिप्पर शेजारून गेला, ड्रायव्हर मान बाहेर काढून बघत गेला. बायको आम्हा दोघांवर चिडली, म्हणाली, भावाबहिणीनं मिळून मला वेडं करायचं ठरवलंय का? आणि तिलाही हुंदका फुटला.

खरं सांगतो, मला त्या रस्त्यावर बरं वाटलं. वर्षभरात पहिल्यांदा अक्कानं मला आपलं दुखणं दिलं होतं. उरलेली सगळी वाट ती मोठ्यानं ओरडत होती, मला शिव्या घालत होती. "हळू रे भाड्या, हळू!" आणि मी "हाव अक्का, हाव," म्हणत हळू चालवत होतो. सांगायला नवीन पार्ट नव्हता. गाव आलं तेव्हा ती घामानं चिंब झाली होती. म्हणाली, "गाडी चांगली हाय तुझी. माझंच सामान संपलं."

गावात ती फार दिवस राहिली नाही. एका सकाळी मी चहा घेऊन गेलो तर गेली होती. तोंड जरासं उघडं होतं आणि कपाळावर आठी नव्हती. मला वाटलं, आता झालं. आता हिला कुणी हलवणार नाही, कुठं न्यायचं नाही, आता हिला पडू दे. मी तिच्याजवळ बसलो आणि बराच वेळ मला खरोखर शांत वाटलं.

मग अक्काचा दीर आला. म्हातारा माणूस, गळ्यात इष्टलिंग, कपाळाला भस्म. त्यानं तिचे पाय बघितले, हात बघितले आणि म्हणाला, "अंग कडक व्हायच्या आत बसवावं लागंल."

आमच्यात गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. मांडी घालून बसवतात, तसंच बसलेलं मिरवत शेतात नेतात आणि बसलेलंच मातीत ठेवतात. हे मला लहानपणापासून माहीत. भाऊजींना बसवताना मी स्वतः हात लावला होता.  बायकांनी आंघोळ घालून भस्म लावलं, नवं लुगडं नेसवलं. मग चार जणांनी तिला उचललं. एकानं पाठीखाली हात घातला, दोघं पाय दुमडू लागले. वर्षभर मी त्या पाठीला जपत आलो होतो.

"हळू!" मी ओरडलो. "हळू, तिला बसता येत न्हाई! मणका हाय तिचा!"

सगळे थांबले.  दीर माझ्याजवळ आला, त्यानं माझा दंड धरला. "मास्तर, आता काय दुखतंय तिला?" तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं. पण मी तसाच म्हणत राहिलो, हळू, हळू, आणि त्या चार माणसांनी मला वेड्यात न काढता खरंच हळू हळू, एकेक पाय करत तिला बसवलं. पाठीला फळी लावली, कापडानं बांधलं. हातात लिंग ठेवलं. अक्का भिंतीला टेकून ताठ बसली. दुकानात गल्ल्यावर बसायची तशी. तिला बसलेलं बघून किती दिवस झाले होते, आणि मला ते बघवेना.

दुपारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत केळीच्या खुंटांचं मखर बांधलं, झेंडूच्या माळा सोडल्या आणि तिला त्यात बसवलं. पुढं भजनवाले, टाळ, मृदंग. शेताकडं जायला पांदण होती. पावसाळ्यात बैलगाड्यांनी तुडवलेला चिखल तसाच वाळून दगड झाला होता, त्यात गुडघाभर चाकोऱ्या. ट्रॅक्टर पांदणीत उतरला, ट्रॉली डुलली आणि मखरात अक्काची मान एका बाजूला हलली.

मी लोकांमधून वाट काढत ट्रॅक्टरच्या पुढं गेलो. चप्पल काढून टाकली आणि टाचेनं ती ढेकळं फोडायला लागलो. फोडायची, चाकोरीत लोटायची, पायानं दाबायची, मग पुढची. भजनवाले माझ्याकडं बघत थांबले. ड्रायव्हरनं ब्रेक दाबून धरला. मला माहीत होतं की मी कसा दिसतोय. शाळेतला मास्तर, पन्नाशी उलटलेला, अनवाणी, नवं धोतर मातीत लोळतंय. कुणीतरी मला धरून बाजूला नेईल असं वाटलं.

तेवढ्यात दीर पुढं आला. शेतातल्या समाधीच्या खड्ड्यावर माती लोटायला काही जणांनी फावडी खांद्यावर घेतली होती. त्यानं त्यांतलं एक ओढून घेतलं आणि माझ्याशेजारी उभं राहून चाकोरी भरायला लागला.  मग दुसरा आला, तिसरा आला. फावडं नव्हतं ते पायानं ढेकळं फोडायला लागले. टाळ पुन्हा सुरू झाले. आम्ही थोडी वाट नीट करायचो, ट्रॅक्टर तेवढाच पुढं यायचा, पुन्हा थांबायचा. शेतापर्यंत जाता जाता ऊन उतरलं.

इतके दिवस मी पुढं बघत गाडी चालवायचो, विचारायचो, आणि अक्का सांगेल ते खरं मानायचो. त्या दिवशी मी पुन्हा पुन्हा मागं वळून तिच्याकडं बघत होतो. शेत येईपर्यंत तिची मान परत हलली नाही.